बुरशीशी सौदा: कांद्याच्या मुळापासून दगडफुलापर्यंत

गोडी छाटणी उरकली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. डाऊनी दिसली का, भुरी आली का (दोन्ही द्राक्षाचे रोग), पहाटे दव किती होतं, ब्लोअर म्हणजे फवारणीयंत्र आत्ताच चालवायचं की ऊन पडेपर्यंत थांबायचं. सलग चार दिवस ढगाळ हवा राहिली तर वर्षाच्या कमाईवर पाणी पडू शकतं, हे इथल्या बागायतदाराला कुणी सांगायला नको. त्यामुळे नाशिकमध्ये बुरशीचं नाव काढलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणतं औषध मारू?

त्याच वेलीच्या मुळांत, मातीखाली, आणखी एक बुरशी नांदत असते. ती वेलीला स्फुरद (फॉस्फरस) पुरवते, जस्त पुरवते आणि बदल्यात वेलीकडून साखर घेते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वर आपण जे काही ओततो, मारतो, नांगरतो त्याची तिला किती झळ बसते याचा हिशेब कुणी मांडत नाही. बुरशी आणि मूळ यांच्या या जोडीला मायकोरायझा म्हणतात. कृषी सेवा केंद्रात 'व्हॅम' किंवा नुसतं 'मायको' म्हणून पुड्या मिळतात, त्या याच.

काळ्या मसाल्यातलं दगडफूल हे असंच दुसरं नातं. तिथे बुरशीची जोडी शैवालाशी जमलेली असते. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते: टंचाई असेल तर हा सौदा जमतो, सुबत्ता आली की मोडतो.

कुणाकडे काय आहे

झाडाकडे आणि शैवालाकडे हरितद्रव्य आहे. ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांपासून ते साखर तयार करतात. बुरशीला हे जमत नाही, तिला दुसऱ्याचं खावं लागतं. काही बुरश्या लाकूड आणि पालापाचोळा कुजवून जगतात, काही जिवंत झाडावर रोग होऊन बसतात (भुरी त्यातलीच), आणि काही मोबदला देऊन साखर घेतात. आपला विषय ही तिसरी जात.

या बुरशीचं भांडवल म्हणजे तिचा तंतू. त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते, त्यामुळे मूळ जिथे शिरू शकत नाही अशा मातीच्या फटीत तो सहज शिरतो. आता स्फुरदाचं बघा. नत्र पाण्याबरोबर वाहतं, स्फुरद फारसं हलत नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तर टाकलेल्या स्फुरदाचा बराचसा भाग कॅल्शियमशी बांधला जाऊन जागच्या जागी बसून राहतो. मूळ आपल्या लगतचं स्फुरद शोषून घेतं आणि मग त्याच्याभोवती मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा रिकामा पट्टा तयार होतो. पट्ट्याच्या पलीकडे स्फुरद असतं, पण ते मुळाकडे चालत येत नाही. बुरशीचे तंतू हा पट्टा ओलांडून काही सेंटिमीटर पुढे जातात, तिथून स्फुरद उचलतात आणि तंतूच्या आतल्या आत मुळापर्यंत पोचवतात. तेवढ्याच लांबीचं मूळ वाढवायला झाडाला जो खर्च आला असता, त्या मानाने तंतू पोसणं कितीतरी स्वस्त पडतं.

पण फुकट नाही. झाडाने पानात बनवलेल्या अन्नातला साधारण ४ ते २० टक्के वाटा या बुरशीकडे जातो. साखरेबरोबर स्निग्ध पदार्थही जातात. या बुरशीला आपली मेदाम्लं स्वतः बनवता येत नाहीत, ती झाडाकडूनच घेते, हे २०१७ साली स्पष्ट झालं. म्हणून जिवंत मुळाशिवाय ती वाढतच नाही. ट्रायकोडर्मा जसा शेणखतात मिसळून वाढवता येतो तसं हिचं होत नाही. ट्रायकोडर्मा आणि मायकोरायझा या दोन पुड्या दुकानात शेजारी असतात म्हणून त्या एकच समजल्या जातात. ट्रायकोडर्माचं मुख्य काम रोगकारक बुरशीवर हल्ला करणं हे आहे. स्फुरद वाहून आणणारी ही बुरशी वेगळी.

कांद्याचं मूळ जवळून

या बुरशीवर फार अवलंबून असलेल्या पिकांत कांदा बराच वर येतो. कांद्याचं रोप उपटून मुळं पाण्यात धुवा. थोडीच मुळं, जाडसर, पांढरी, सरळ. फांद्या जवळपास नाहीत आणि केसमुळं नावापुरती. शेजारचं बाजरीचं ताट उपटलंत तर दाट जाळं हातात येतं. कांद्याकडे ते जाळं नाही, म्हणून त्याला दुसऱ्याचं जाळं लागतं. जगभरच्या प्रयोगशाळांत मायकोरायझाच्या अभ्यासासाठी कांदा आणि त्याचा भाऊबंद लीक वापरतात, त्याचं कारण हेच.

आत काय चाललंय ते पाहायला कॉलेजची साधी प्रयोगशाळा पुरते. बारीक मुळं १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गरम करायची (हे दाहक असतं, हातमोजे घालूनच). पेशींतला ऐवज निघून जातो आणि मूळ पारदर्शक होतं. मग धुऊन पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडी फाउंटन पेनची शाई घालून त्यात काही मिनिटं उकळायची. खरंच, साधी दौतीतली शाई. १९९८ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि तोपर्यंत वापरात असलेल्या विषारी रंगांना स्वस्त पर्याय मिळाला. जादा शाई धुऊन टाकली की मूळ काचपट्टीवर घ्यायचं.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या रांगा फिकट दिसतात आणि त्यांच्यामधून निळे तंतू लांबच्या लांब गेलेले. मध्येच कुठे निळे फुगीर गोळे, त्यांत बुरशीने तेल साठवलेलं असतं. आणि भिंग वाढवलं की काही पेशींच्या आत एकाच तंतूला फांद्यांवर फांद्या, इतक्या बारीक की टोकाला नुसती निळी धूळ उरते. खरा व्यवहार होतो तो इथे. झाडाच्या पेशीचं पातळ आवरण प्रत्येक फांदीला लपेटून असतं, त्यामुळे बुरशी पेशीत शिरूनही पेशी फुटलेली नसते. एका बाजूने स्फुरद उतरतं, दुसऱ्या बाजूने साखर आणि मेद चढतात. ही फांद्यांची रचना काही दिवसच टिकते. काम झालं की पेशी ती पचवून टाकते आणि दुसरीकडे नवी तयार होते. त्यामुळे काल शेजारी असलेली बुरशी आज असेलच असं नाही. झाड दर थोड्या दिवसांनी नव्याने निर्णय घेत असतं.

आमंत्रण आणि चोर

बुरशीला मुळाचा पत्ता कसा लागतो? स्फुरदाची भूक लागली की मूळ मातीत स्ट्रिगोलॅक्टोन नावाची रसायनं सोडतं. बुरशीला ती जाणवली की तिच्या तंतूंना मुळाजवळ भराभर फांद्या फुटतात. जपानी संशोधकांनी हे २००५ साली दाखवलं. गंमत अशी की या गटातलं पहिलं रसायन १९६६ सालीच हाती लागलेलं होतं, पण एका तणाच्या संदर्भात. ज्वारीच्या मुळावर जगणारा टारफुला शेतकऱ्यांना माहीत आहे. त्याचं बारीक बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि नेमका हाच संदेश मिळाला की उगवतं. झाड बोलावतं बुरशीला, आणि ऐकून येतो टारफुला. धोका एवढा असूनही झाडांनी हे बोलावणं सोडलेलं नाही, यावरून बुरशीची गरज किती असेल याचा अंदाज करा.

जुनेपणाचाही अंदाज घेण्यासारखा आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या खडकात सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म आहेत. त्यांना धड मुळंही नव्हती, पण त्यांच्या पेशींत या बुरशीच्या फांद्या दिसतात. ब्रह्मगिरीचा काळा पाषाण लाव्हा होऊन वाहिला तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे सह्याद्री झाला तेव्हा हा व्यवहार रुळून ३० कोटींहून जास्त वर्षं लोटली होती. हरभऱ्याच्या आणि सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू बरेच नंतरचे. त्यांना आत घ्यायला झाडाने जी यंत्रणा वापरली तिचा मोठा भाग बुरशीसाठी आधीच तयार होता.

भाव कोण ठरवतं

शास्त्रज्ञ या देवाणघेवाणीला 'जैविक बाजारपेठ' म्हणतात, आणि लासलगावच्या कांदा लिलावात एकदा उभं राहिलेल्या माणसाला ती चटकन कळेल. २०११ साली ॲमस्टरडॅमच्या टोबी कीर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच झाडाच्या मुळांवर उदार आणि कंजूष अशा वेगवेगळ्या बुरश्या वाढवल्या. झाडाने स्फुरद जास्त देणाऱ्या बुरशीकडे साखर जास्त वळवली. उलट बाजूनेही तेच: जे मूळ साखर जास्त देईल त्याला बुरशीने स्फुरद जास्त दिलं. व्यापारी अनेक, माल आणणारे अनेक, आणि ज्याचा भाव पडका त्याच्याकडे ट्रॅक्टर वळत नाही.

आता समजा, शेतात स्फुरद ओसंडून वाहतंय. लागवडीला डीएपी (स्फुरदाचं खत), नंतर पुन्हा डीएपी, ठिबकमधून फॉस्फरिक ॲसिड. मग झाडाने साखर का द्यावी? ते संदेश सोडणं कमी करतं, मुळातली बुरशी घटते. अशा शेतात वरून व्हॅमची पुडी टाकणं मला तरी अनाकलनीय वाटतं. दोन्हीचे पैसे जातात आणि दुकानदाराचा तेवढा फायदा होतो. स्फुरद बंद करा असं इथे कुणी सुचवत नाही. माती परीक्षण करून जेवढं कमी आहे तेवढंच द्यावं, एवढंच.

व्यवहार मोडण्याचे इतर मार्गही आहेत. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी हे कुळ या बाजारात येतच नाही. पालक आणि बीटही नाहीत. कोबी-फ्लॉवरचं एखादं पीक निघालं की पुढच्या पिकाला मातीत बुरशी कमी सापडते, आणि ते पुढचं पीक कांदा असेल तर सगळ्यात गरजू गिऱ्हाईक रिकाम्या बाजारात येतं. मध्ये बाजरी, मका किंवा हरभरा घेतला तर ती टिकते. जमीन बराच काळ उघडी, बिनमुळांची ठेवली तरी ती उपासमारीने घटते. रोटाव्हेटर तंतूंचं जाळं तोडतो. अमेरिकेत लिंबूवर्गीय रोपवाटिकांत रोग मारायला जमिनीला विषारी धुरी देत. रोपं खुजी राहू लागली, तेव्हा कारण शोधता शोधता १९७२ साली लक्षात आलं की रोगाबरोबर मायकोरायझाही मेली होती.

फवारणीबद्दल मात्र सगळं एका मापाने मोजू नये. पानावर मारलेलं आणि मुळाशी ओतलेलं औषध यांत फरक आहे. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक जमिनीत ओतलं तर मुळातल्या बुरशीला फटका बसतो. मेटॅलॅक्सिलचा रोख वेगळ्याच गटावर असतो, आणि त्याचं कारण अनेकांना चकित करतं: द्राक्षाची डाऊनी ही खरी बुरशी नाहीच. ती उओमायसीट गटातली आहे आणि तिचे नातेवाईक म्हणजे समुद्रातली तपकिरी शैवालं आणि डायटम. खऱ्या बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची असते, डाऊनीची मुख्यतः सेल्युलोजसारख्या पदार्थांची. भुरी मात्र अस्सल बुरशी. एकाच पानावर दोन्ही, एकाच ब्लोअरने दोन्हींवर फवारणी, पण एकीचं औषध दुसरीला अनेकदा का लागू पडत नाही ते इथे कळतं.

दगडफुलाच्या आत

आता मातीतून वर येऊ. नाशिकच्या भद्रकाली बाजारातून मसाल्याचं सामान आणलंत तर दगडफूल तेलात परतण्याआधी एक तुकडा बाजूला काढा. वरची बाजू राखाडी, खालची काळी, कडेला तपकिरी. ब्लेडने उभा छेद घेऊन भिंगातून पाहा: वर पातळ साल, तिच्याखाली हिरवट रेघ (माल जुना असेल तर फिकी), मग पांढरा कापसासारखा थर आणि सगळ्यात खाली काळी साल. ती हिरवी रेघ म्हणजे शैवाल. बाकी सगळी बुरशी.

याला लायकेन किंवा शैवाक म्हणतात. रेघेतलं शैवाल बहुतेक वेळा ट्रेबुक्सिया जातीचं असतं. ते साखरेच्या वर्गातला रिबिटॉल नावाचा पदार्थ तयार करून बुरशीला देतं. बुरशी त्याला कडक उन्हापासून आडोसा देते, ओल धरते आणि खडकाला घट्ट चिकटते. मूळ नाही, खोड नाही. पाणी मिळालं की मिनिटांत काम सुरू, वाळलं की बंद. एप्रिलमध्ये अंजनेरीच्या तापलेल्या कातळावर हात टेकवत नाही तेव्हाही राखाडी आणि पिवळसर डाग तिथेच असतात, मेल्यासारखे. पहिल्या सरींनंतर त्यांतले बरेच हिरवट होतात, कारण वरची साल भिजून पारदर्शक झालेली असते. काही लायकेनमध्ये शैवालाऐवजी नॉस्टॉकसारखे नीलहरित जिवाणू असतात. ते हवेतलं नत्रही धरतात.

वाढ मात्र अगदी सावकाश, बहुतेकांची वर्षाला काही मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. बाजारातलं दगडफूल शेतात पिकत नाही, हिमालयात आणि सह्याद्रीत झाडांवरून, खडकांवरून ओरबाडून आणलं जातं. मसाल्याला चिमूटभर लागतं म्हणून ते स्वस्त वाटतं.

लायकेन म्हणजे दोन जीव, हे १८६७ साली स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडनर यांनी मांडलं तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांनी बुरशीला मालक आणि शैवालाला गुलाम म्हटलं होतं, तेही लोकांना रुचलं नाही. विरोधकांत विल्यम नायलँडर आघाडीवर. पण याच नायलँडरनी १८६६ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली लायकेन पाहून ती हवेच्या शुद्धतेची खूण असल्याचं लिहिलं होतं, आणि ते आजही ग्राह्य आहे. मालक-गुलाम की भागीदार हा वाद मिटलेला नाही. प्रयोगशाळेत बुरशी आणि शैवाल वेगळं वाढवून पुन्हा एकत्र आणायचा प्रयत्न झाला तेव्हा दोघांना भरपूर अन्न दिलं तर लायकेन तयार होईना. उपाशी ठेवलं की जमू लागलं. डीएपीची गोष्ट पुन्हा तीच. २०१६ साली काही लायकेनच्या सालीत यीस्ट प्रकारची दुसरी बुरशी सापडली आणि तिसऱ्या भागीदाराची चर्चा सुरू झाली, पण ती सगळ्यांत आढळत नाही.

हवेतला सल्फर डायऑक्साइड अनेक लायकेनना सोसत नाही, कारण त्यांना गाळून घ्यायला मूळच नाही. पावसात जे येईल ते सरळ अंगात मुरतं. त्र्यंबक रस्त्यावर शहराबाहेरच्या जुन्या आंब्यांची खोडं आणि द्वारका चौकाजवळच्या झाडांची खोडं पावसाळ्यात स्वतः ताडून पाहण्यासारखी आहेत. पानासारखे पसरलेले आणि दाढीसारखे लोंबणारे प्रकार कुठे आहेत, आणि कुठे फक्त चिकटलेले डाग उरलेत, एवढंच बघा. बरेच जण खोडावर असे डाग दिसले की बुरशी लागली म्हणून खरवडतात, बोर्डो पेस्ट लावतात. लायकेन झाडाचं काही खात नाही. खोड ही त्याला फक्त बसायची जागा. झाड वाळत असेल तर कारण दुसरीकडे शोधा. दगडी देवळांचं आणि लेण्यांचं थोडं वेगळं: लायकेनची आम्लं दगड हळूहळू कोरतात हे खरं, पण तारेच्या ब्रशने घासणारा उत्साही माणूस एका दुपारी त्याहून जास्त नुकसान करतो.

आमरी, जंगल आणि कुंडी

ऑर्किडची म्हणजे आमरीची गोष्ट थोडक्यात. तिचं बी धुळीइतकं बारीक, आत शिदोरी काहीच नाही. बुरशी मिळाली नाही तर ते रुजतच नाही. सुरुवातीला देवाणघेवाण एकतर्फी असते, बुरशीच बाळाला पोसते. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ साली हे ओळखलं. इगतपुरी-त्र्यंबककडून खोडावरची आमरी खरवडून बाल्कनीत आणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: झाड आलं तरी तिचं बी रुजवणारी बुरशी सोबत येईलच असं नाही.

झाडं जमिनीखालच्या बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना अन्न पाठवतात, आई-झाड पिल्लाला पोसतं, असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात. मुळात १९९७ साली सुझान सिमार्ड यांच्या प्रयोगात एका झाडातला कार्बन दुसऱ्यात गेल्याचं दिसलं होतं. पण जंगलात तो जाळ्यातूनच जातो आणि त्याने रोपाचं भलं होतं, याचा पुरावा तोकडा आहे, असा आढावा २०२३ साली तिघा अभ्यासकांनी घेतला. फॉरवर्ड करण्याआधी थांबावं.

ज्यांना शेतात ही बुरशी वाढवून पाहायची आहे त्यांना महागड्या पुडीची गरज नाही. जूनमध्ये कुंड्या किंवा गोण्या घ्या. वर्षानुवर्षं खत-औषध न पडलेल्या बांधावरची, गवताच्या मुळांसकट माती आणि जाड वाळू मिसळून भरा. ज्या शेतात सूत्रकृमी किंवा मर आहे तिथली माती घेऊ नका, नाहीतर रोगच वाढवाल. बाजरी किंवा मका दाट पेरा, स्फुरदाचं खत देऊ नका. तीन-साडेतीन महिन्यांनी पाणी तोडा, ताटं कापून टाका, मुळं बारीक तोडून त्याच मातीत मिसळा आणि सावलीत वाळवा. उन्हाळ कांद्याचं बी टाकायची वेळ येते तोवर हे तयार होतं. गादीवाफ्यात बियांच्या खाली पातळ थर द्या, म्हणजे रोप उपटून शेतात नेलं तरी बुरशी मुळातच जाते. शेजारी दोन वाफे तसेच सोडा, तुलना करायला. कोबीच्या वाफ्यात मात्र ही माती घालू नका, तिथे तिचं गिऱ्हाईकच नाही.